येते म्हणायचं राहिलं

सिग्नलला गाडीचं इंजिन आपोआप बंद झालं की श्रीरंग टिल्लूंना झोप लागे, आणि हिरवा दिवा लागला की बॅटरी आधी इंजिनाला उठवी, मग टिल्लूंना. नाशकात याचं कोणाला वावगं वाटत नव्हतं. झोपेत गाडी चालवायला बंदी आहे, उभी ठेवायला नाही.

त्या झोपेत कुमुद भेटे. टिल्लूंची बायको, दोन वर्षांपूर्वी वारलेली. ते दवाखान्याच्या आवारात गाडी लावायला जागा शोधत होते तेवढ्यात ती गेली, आणि 'येते' म्हणायचं राहिलं. आपल्याकडे निघणारं माणूस 'जाते' म्हणत नाही. टिल्लूंचा सगळा जीव त्या एका शब्दात अडकला होता.

आता ती दाराशी उभी असे, एका पायात चप्पल, निघण्याच्या बेतात. पण दारातल्या गप्पांत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. भाचीचं बारसं, मुरलेलं लोणचं, शेजारच्यांनी भिंतीला दिलेला तो भयंकर रंग. नव्वद-नव्वद सेकंद करत दोन वर्षं सरली, तरी दुसरी चप्पल काही पायात गेली नाही.

मग एका सकाळी इंजिन कण्हत उठलं. बॅटरीवाल्या शौकतभाईंनी टेस्टर लावला आणि समजावून सांगितलं की साधी गाडी दिवसातून चारदा सुरू होते, ही चाळीसदा. बॅटरी यासाठीच केलेली, दणकट होती. पण गावातल्या गावात फिरून तिला पुरतं भरायला उसंतच मिळाली नाही.

"अकरा स्टार्ट उरलेत, काका."

टिल्लूंनी नवीबद्दल विचारलं. नवी मिळेल, शौकतभाई म्हणाले, पण तिला काकूंची ओळख नसणार. बटण दाबून ही सोय बंद ठेवली तर हीच बॅटरी आणखी वर्षभर ओढेल. मात्र झोप लागणार नाही. आणि अकरा संपल्यावर झोपलात तर उठवायला कोणी नाही. एवढं त्यांनी वॉरंटी कार्डामागे लिहून टिल्लूंची सही घेतली.

दुकानातून निघतानाच एक स्टार्ट गेला. टिल्लू घरी गेलेच नाहीत. लांबलचक सिग्नल हेरत गावभर फिरले. कुमुद लोणच्यावरून मोहरीच्या भावावर आली. दहाव्या झोपेत मात्र त्यांना राहवलं नाही.

"कुमुद, एकदा येते म्हण."

तिनं मोहरीचा भाव अर्ध्यावरच सोडला. "म्हणते की. पण अहो, म्हटलं की मला निघावं लागेल."

इंजिन सुरू झालं. अकरावा स्टार्ट.

पुढच्या चौकात दिवा लाल होता. बटण बोटाखालीच होतं. टिल्लूंना फार भीती वाटली, आणि फार बरंही वाटलं. त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि ब्रेक दाबला.

"मग नको म्हणूस," ते दाराशी येऊन म्हणाले. "आत ये. उन्हात किती उभी राहशील?"

दिवा हिरवा झाला. मागच्यांनी हॉर्न वाजवले, काचेतून डोकावले आणि वाजवायचे थांबले. चौघांनी मिळून गाडी हलक्या हातानं कडुनिंबाखाली ढकलली. हवालदार सौंदाणकर बाईंनी काचेला कान लावला, थोडा वेळ ऐकलं आणि वहीत नोंद केली: वाहन बाजूस घेतले. आत पुरुष एक, स्त्री एक. बोलणे चालू आहे. वाहतुकीस अडथळा नाही.