डबल बेलशिवाय न निघणारे गायकवाडकाका

बदलापूरला आमच्या इमारतीत तळमजल्यावर एकटे राहणारे गायकवाडकाका कुठलीही शर्यत हिरव्या दिव्यावर सुरू करत नाहीत. दिवा लागतो, वीस गाड्या धुरळा उडवत निघून जातात आणि काका कॉम्प्युटरसमोर स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून शांत बसलेले असतात. डबल बेल मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा त्यांचा नियम.

विठ्ठलवाडी डेपोत तीस वर्षं एसटीची लाल गाडी चालवलेला माणूस रिटायर झाल्यावर निदान सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडेल, एवढी माफक अपेक्षा आम्ही ठेवली होती. काकांनी उल्हासनगरातून कॉम्प्युटर आणला आणि त्याला जोडायचं स्टिअरिंगही आणलं. दुकानदारानं विचारलं, "साईं, बच्चे के लिए?" काका म्हणाले, "नाही, ड्युटीसाठी." मग केबलवाल्याकडून इंटरनेट घेतलं आणि दर रविवारी दुपारी सदुसष्ट सालच्या रेसिंग गाड्यांच्या ऑनलाइन शर्यतीत ते उतरायला लागले. हे सगळं त्यांना जोडून देणारा शहाणा मीच.

नव्या गाड्यांची शर्यत त्यांनी एकदाच पाहिली. "ह्या आपोआप चालतात रे. ड्रायव्हरला आत कशाला बसवलाय?" जुन्या गाड्यांवर मात्र जीव जडला. पट्टा नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, ब्रेक लागला तर लागला. "ही आपल्या डेपोतली वाटते," म्हणाले. शर्यतीच्या दिवशी खाकी शर्ट घालायचे. शर्यतीत नाव 'डेपो' असं घेतलं होतं. वळताना सवयीनं उजवा हात खिडकीबाहेर काढायचे. तिथे खिडकी नव्हती, मी बसलेला असायचो. दोनदा चष्मा पडला माझा.

डबल बेल द्यायला असायचे म्हात्रे मास्तर. सोनिवलीचे म्हात्रे बावीस वर्षं काकांच्याच गाडीवर कंडक्टर होते. रिटायर झाले त्याच वर्षी त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. घरी मुलगा-सून चांगले होते, पण मास्तरांनी काही मागणंच सोडून दिलं. तहान लागली तरी खूण नाही, बाथरूमला जायचं असलं तरी नाही. सगळं कपड्यांत व्हायचं आणि मग भिंतीकडे तोंड करून रडायचे. ज्यानं अख्खी गाडी आपल्या आवाजावर चालवली, त्याला आता कुणाला हाक मारायची लाज वाटत होती.

काकांना ते बघवेना. दर रविवारी रिक्षा करून ते सोनिवलीला जायचे, मास्तरांना घेऊन यायचे आणि आपल्या डाव्या हाताच्या खुर्चीत बसवायचे. छताला कड्या मारून त्यांनी दोरी ओवली होती. एका टोकाला पितळी घंटी, दुसरं टोक मास्तरांच्या डाव्या हातात. दोन टोले म्हणजे निघायचं, एक टोला म्हणजे थांबायचं.

"गाडी माझी, हुकूम मास्तरांचा!" असं बजावून काका दर वेळी हळूच पुढं विचारायचे, "आणि मास्तर, थांबायचं असलं तर एकदा ओढ बरं का. लाजू नकोस." मास्तर डबल बेल द्यायचे. पण दीड वर्षात एक टोला त्यांनी कधी दिला नाही.

त्या रविवारी हंगामातली शेवटची शर्यत होती. आठव्याच्या वर काकांचा नंबर कधी आला नव्हता. नेहमीप्रमाणे बेल उशिरा मिळाली आणि आम्ही शेवटून निघालो. पण त्या दिवशी काकांच्या अंगात वारं शिरलं होतं. घाटातली गाडी काढावी तशी एकेक वळणावर एकेक गाडी मागं टाकत ते चौथे झाले. पुढे फिनलंडचा एक गडी. पाच फेऱ्या दोघांची चाकाला चाक लावून झुंज. "साइड दे की बाबा," काका पुटपुटत होते, "मागं पब्लिक बसलंय." त्यानं साइड दिली नाही, काकांनी काढली. तिसरे! शेवटची फेरी उरली होती. मी खुर्चीवर उभा राहून ओरडत होतो.

टण्.

एकच टोला. काकांनी हात बाहेर काढला, गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"काका! अहो, चुकून ओढली असेल! चला!" मी किंचाळलो. काका कधीच उठले होते. मास्तरांच्या काखेत हात घालून त्यांना उभं करत होते. मास्तर बाथरूमच्या दाराकडे बघत होते. दोघं पाय ओढत आत गेले.

एकेक गाडी आमच्या बाजूनं निघून गेली. फिनलंडवाल्यानं पडद्यावर लिहिलं, इंजिन गेलं का? मी आत हाक मारली, "काका, काय झालं म्हणून विचारतायत!"

आतून आवाज आला, "लिही, पॅसेंजर उतरतोय!"

मी तसंच लिहिलं. माझं डोकं फिरलं होतं.

पाच-सहा मिनिटांनी दोघं बाहेर आले. मास्तरांची लुंगी कोरडी होती. काकांनी त्यांना खुर्चीत नीट बसवलं, हात पुसून दिले. पडद्यावर निकाल लागला होता: डेपो, शेवटचा नंबर. तो बघून मास्तर अर्ध्या तोंडानं हसले.

"तिसरा नंबर होता, काका," मी म्हणालो. "एक फेरी राहिली होती फक्त."

काकांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"दीड वर्षानं त्यानं काहीतरी मागितलं," ते म्हणाले, "आणि मी पुढं निघून जाऊ?"