न खाल्लेला खर्रा कसा सोडावा

देवळीच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून रुजू झाल्याच्या तिसऱ्याच दिवशी योगेंद्रवर खर्रा खाण्याचा आरोप आला आणि त्याने तो तत्काळ मान्य केला. वास्तविक आरोप खोटा होता. सुपारी, तंबाखू, चुना या तिन्ही पदार्थांशी त्याचा संबंध फक्त दुसऱ्यांच्या पिचकाऱ्या चुकवण्यापुरताच आला होता.

मुख्याध्यापिका झाडे मॅडमचे निरीक्षण मात्र निर्दोष होते. हनुवटी वर, ओठ मिटलेले, उच्चार घशातून आणि दर दोन वाक्यांनंतर खिडकीकडे धाव. वर्धा जिल्ह्यात अशा माणसाच्या गालात काय असते, हे ठरवायला कोणी प्रयोग करत बसत नाही. चूक होती ती निष्कर्षात. योगेंद्रच्या तोंडात निव्वळ लाळ होती. सात वर्षांपूर्वी त्याच्या कानात जे आवाज बोलू लागले होते, त्यांना अखेर एका गोळीने गप्प केले. पण त्याच गोळीने लाळग्रंथींना वाचा फोडली. गोळीसोबतच्या कागदावर हे बारीक अक्षरात छापलेले होते. वजन वाढणे, गुंगी येणे, पोट साफ न होणे याही गोष्टी तिथेच होत्या आणि योगेंद्रला सगळी यादी लागू पडली होती. पण बाकीचे परिणाम झाकता येत. लाळ तेवढी सर्वांसमक्ष बाहेर येई.

"एक महिना देते," मॅडम म्हणाल्या. "खर्रा सुटला पाहिजे. नाहीतर मला वर कळवावं लागेल."

घरी यशोदाबाईंनी कपाळावर हात मारला. "कबूल काऊन केलं रे? सांगून द्याचं होतं का औषधानं होते म्हणून!"

"आई, आर्वीच्या कापडाच्या दुकानात सांगतलंच होतं नं? मालकानं पयले कात्री उचलून ठेवली, अन् आठ दिवसांनी मले काढलं. खर्रा खाणाऱ्याले लोक रागावतात, पण त्याले भीत नाईत."

हा युक्तिवाद बिनतोड होता. म्हणूनच यशोदाबाईंना त्याच्या पुढची पायरीही लगेच दिसली. त्यांनी गोळ्यांची पट्टी पदराखाली घेतली. "महिनाभरात लाळ बंद कराले गोळी सोडशीन तं याद राख. नोकरी गेली तं दुसरी पाहू. तू गेला तं मी कुठून आणू?"

योगेंद्रने हनुवटी आणखी वर केली. तोंड भरलेले होते, आणि या वेळी डोळेही.

आरोपाचा एक फायदाही झाला. वरिष्ठ लिपिक रूपरावजी बावीस वर्षांपासून शाळेतले एकमेव उघड खर्रेवाले होते आणि त्यांना हे एकटेपण जाचत होते. त्यांनी योगेंद्रला मिठीच मारली. "आपला मानूस आला बाप्पा! घे, डबल चुन्याचा हाय."

"भरेल हाय," योगेंद्र हनुवटी वर करून म्हणाला.

"अजून सकाळचाच चालू हाय? एकच पुडी दिवसभर पुरवतं? गजब आदमी हायस बे!"

या काटकसरीने रूपरावजी इतके प्रभावित झाले, की ते त्याच्यासाठी बसमध्ये जागा धरू लागले, आपल्या डब्यातली झुणका-भाकर त्याला वाढू लागले आणि मोठ्या भावासोबत शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चाललेले भांडण त्याला रोज सविस्तर सांगू लागले. सात वर्षांत योगेंद्रला मिळालेला हा पहिला मित्र. ही मैत्री सर्वस्वी चुकीच्या माहितीवर आधारलेली होती.

या गोळीसाठी ठरावीक दिवसांनी रक्त तपासावे लागे, त्यासाठी वर्ध्याला गेल्यावर योगेंद्रने डॉक्टरांना सगळी हकीकत सांगितली. डॉक्टर हसले नाहीत. "गोळी आपल्या मनानं सोडायची नाही. कुशीवर झोपा, दिवसा बिनसाखरेचं च्युइंगम चघळा. आणि हे थेंब जिभेखाली. लिहिलेत तेवढेच. आठवड्यानं दाखवायला या."

बाटलीवर 'डोळ्यांत टाकण्यासाठी' असे छापलेले होते. तोंडाचा विकार डोळ्यांच्या औषधाने बरा होणे हे ऐकायला जादूटोण्यासारखे वाटते. पण जादूटोणा मोजून घ्यावा लागत नाही आणि त्याने गुणही येत नाही. हे थेंब मोजून घ्यावे लागत आणि त्यांनी गुण आला. तिसऱ्या आठवड्यात योगेंद्र हनुवटी खाली ठेवून "सल्फ्युरिक आम्ल" असे स्वच्छ म्हणाला.

"सुटला!" झाडे मॅडम आनंदाने जवळजवळ ओरडल्याच, आणि त्यांनी शनिवारी तंबाखूमुक्तीचा कार्यक्रम ठेवला. शाल, श्रीफळ, प्रशस्तिपत्र. सत्कारमूर्ती योगेंद्र, सूत्रसंचालक रूपरावजी.

शनिवारी सभागृहात मुले बसली. योगेंद्रच्या खांद्यावर शाल पडली आणि प्रशस्तिपत्र वाचले गेले: 'खर्रा सोडल्याबद्दल'. शालीखाली त्याला घाम फुटला होता. तेवढ्यात रूपरावजींनी माइक घट्ट धरला.

"पोरांनो, माह्यं तोंड पाहा." त्यांनी तोंड उघडले. ते दोन बोटांएवढेच उघडले. "नातीनं वाढदिवसाले गुलाबजाम भरवला, तं आत जाईना. कुस्करून खावा लागला. तिले वाटलं, आबाले आवडला नाई." त्यांनी खिशातून एक बाटली काढली. "म्हून मी बी आज सोडतो. योगेंद्र कशानं सोडला ते तो सांगत नाई, पण म्या परयोगशाळेत चोरून पाह्यलं. डोळे दुखतात म्हून सांगून तेच औषध आणलं. तो तं थेंब थेंब घेते. माहा खर्रा बावीस वर्षांचा, मले पुरी बाटली लागन."

आणि त्यांनी झाकण काढून मान मागे टाकली.

मात्रा हाच विष आणि औषध यांतला फरक असतो. हे वाक्य योगेंद्रने स्वतःच प्रयोगशाळेच्या फळ्यावर लिहिले होते, पण त्या क्षणी ते म्हणायला वेळ नव्हता. त्याने शालीसकट झेप घेऊन बाटली हिसकावली.

"रूपरावजी, हे जहर होईन! मी खर्रा कधी खाल्लाच नाई! मले कानात आवाज येत होते. डोक्याच्या बिमारीची गोळी चालू हाय. तिच्यानं लाळ येते. हे थेंब लाळेचे हायेत, खर्ऱ्याचे नाईत!"

 योगेंद्रने शाल काढून तिची घडी करायला घेतली, कारण पुढे काय होते हे त्याला ठाऊक होते.

"थांब," रूपरावजी म्हणाले.  "बिमारी हाय, गोळी हाय, समजलं. पण खर्रा नाई खाल्ला? अन् म्या तुले आपला समजून धुऱ्याचं सारं भांडन सांगतलं!"

पहिल्या रांगेतल्या मुली खुदकन हसल्या, आणि मग सगळेच. झाडे मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी प्रशस्तिपत्र मागून घेतले, पेन काढले, 'खर्रा सोडल्याबद्दल' यावर नीट पट्टी धरून रेघ मारली आणि वर लिहिले: 'खरं बोलल्याबद्दल'.

"शाल घ्या अंगावर," त्या म्हणाल्या. "आणि सोमवारी दहावीचं प्रात्यक्षिक आहे. लवकर या."

मंगळवारी रूपरावजी बसमध्ये योगेंद्रशेजारी बसले. नाराजी होती, डबाही होता. वर्ध्याला योगेंद्रने आधी रक्त दिले आणि मग त्यांना तोंडाच्या डॉक्टरकडे नेले.

डॉक्टरने बॅटरी लावून बराच वेळ पाहिले. "खर्रा किती वर्षांपासून खाता?"

रूपरावजींनी छातीवर हात ठेवला. "मी? नाई बा. कधीच नाई."

डॉक्टरने योगेंद्रकडे पाहिले.

"बावीस वर्षं, साहेब," योगेंद्र म्हणाला. "डबल चुन्याचा."

"पाहा साहेब," रूपरावजी खुर्ची योगेंद्रकडे सरकवत म्हणाले, "एकदा शाल काय भेटली, याले तं खरं बोलाची सवयच लागली!"