जावईबापूंचा सुसाट बाण

"आई, दोन मिनिटांचं काम! तुम्ही नुसत्या बघत राहा!" जावईबापूंनी बाह्या सरसावल्या तेव्हा साडेदहा झाले होते.

ते शाळेत संगणक शिकवायचे. सासूबाईंच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही फुकटची संगणकप्रणालीही त्यांनीच घातली होती. सासूबाई तीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होत्या. निवृत्त झाल्यापासून त्यांना घर खायला उठलं होतं. आज अकराला एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासायच्या कामासाठी त्यांची व्हिडिओवर मुलाखत होती. अडचण एकच. टचपॅडवर पाचदा बोट घासलं तरी पडद्यावरचा बाण जेमतेम बोटभर सरकायचा.

"अहो, राहू द्या. मुलाखतीनंतर बघू."

"छे! आत्ता होतंय!" त्यांनी सेटिंग्ज उघडून वेगाची पट्टी थेट शेवटाला नेली. वर 'नुसत्या स्पर्शाने क्लिक' हेही चालू केलं. झालं! बाण पिसाळलेल्या माशीसारखा सुटला. बोट जवळ नेलं की क्लिक! कॅल्क्युलेटर तीनदा उघडला. वेग कमी करायला जावं, तर पट्टीच हाती लागेना. एवढ्यात मुलाखतीचं आमंत्रण उघडलं आणि त्यातल्या 'येणार नाही' या बटणावर टक्!

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. लगेच फोन खणखणला.

"तुम्ही येणार नाही असं कळवलंत?" प्रकाशनाच्या संपादकबाई विचारत होत्या.

"नाही हो, येणार आहे! बोट चुकून लागलं."

"तुमचं?"

"घरातलंच."

जावईबापूंना घाम फुटला. आता त्यांनी टर्मिनलची काळी खिडकी उघडली आणि घाईघाईत एक आज्ञा ठोकली. बाण जागच्या जागी थिजला.

"थांबला एकदाचा!" सासूबाईंनी सुस्कारा सोडला.

"आई... टचपॅडच बंद पडला. लॅपटॉप रीस्टार्ट केला की चालू होईल."

"किती वेळ?"

"याला उठायला सात मिनिटं लागतात."

अकराला तीन मिनिटं होती! "जुना माऊस असेल कुठेतरी," असं पुटपुटत जावईबापू पलंगाखाली शिरले.

सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली. दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले. काळी खिडकी मिटली. मागे आमंत्रण उघडंच होतं. टॅब, टॅब, टॅब, एंटर! पडद्यावर संपादकबाई हजर!

"वेळेवर आलात. मागे पलंगाखालून पाय कुणाचे दिसताहेत?"

"आमचे जावई. संगणक शिकवतात."

पाय आत ओढले गेले. पुढची चाळीस मिनिटं जावईबापूंनी तिथेच, शिंक दाबत काढली. वर मात्रा, वेलांट्या, अनुस्वार चालले होते. शेवटी संपादकबाई म्हणाल्या, "सोमवारपासून सुरू करा!"

जावईबापू धुळीने माखून बाहेर आले. "अभिनंदन, आई! आता फक्त तो टचपॅड..."

सासूबाईंनी लॅपटॉप मिटून छातीशी धरला.

"हात धुऊन या, जावईबापू. आणि कशालाही लावू नका."