महिपतचं गारव्याचं यंत्र

निळे दाणे घ्यावेत की पांढरे, एवढाच प्रश्न होता. महिपतने पांढरे घेतले आणि तिथेच घात झाला.

गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. महिपत लोटे गावातल्या एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर होता (ओळख मात्र 'टेक्निकल लाइनला' अशी करून द्यायचा). त्याचे सासरे आप्पा पूर्णगडचे, धंदा मासळीचा. बर्फाची गाडी उशिरा आली की आप्पांची सुरमई नासायची. "विजेवाचून, नुसत्या चुलीच्या आचेवर गारवा देणारं यंत्र करून देतो," असं महिपत एकदा जेवणाच्या भरात बोलून गेला. बायकोने, सत्यवतीने, ते माहेरी गावभर केलं. आता माघार नव्हती.

यंत्र तसं सोपं. एका डब्यात पाणी शोषणारा माल, दुसऱ्यात पाणी, मधे तांब्याची नळी. पहिला डबा चुलीवर ठेवून माल खडखडीत सुकवायचा, मग निवू द्यायचा आणि पंपाने आतली हवा ओढायची. तहानलेला माल शेजारच्या पाण्याची वाफ पिऊन टाकतो आणि उरलेलं पाणी गार पडतं.

अडलं होतं ते मालापाशी. करवंटीच्या कोळशाने पाणी जेमतेम प्यायलं, पण सत्यवतीची पातळं काळी केली. कॅल्शियम क्लोराइड इतकं प्यायलं की स्वतःच विरघळून आईच्या अंथरुणाखाली वाहत गेलं. शेवटी सिलिका जेल ठरलं. निळे दाणे भिजले की गुलाबी होतात. पण आवडाबाई, म्हणजे महिपतची आई, कडाडली, "रंग बदलनारा काय बी माझ्या घरात नको!" म्हणून पांढरे आले आणि दमट हवा लागू नये म्हणून स्वयंपाकघरात, डालड्याच्या डब्यात जाऊन बसले.

आप्पा यंत्र बघायला आले ते नेमके संकष्टीला. एस.टी.ने अंग खिळखिळं झालेलं, त्यात उपास. अंगणातल्या चुलीपाशी पाट टाकून बसले.

"जमला तर होडीवर बसवतो, जावयबापू. नाय जमला तर पुन्हा यंत्राचा नाव काढायचा नाय."

"बघाच तुम्ही," महिपत म्हणाला. त्याने दाणे डब्यात ओतले आणि वर तांब्याभर पाणी. "आधी पाजायचं, मग आचेवर सुकवायचं." एरवी पाणी लागताच तडतडणारे दाणे आज गप्प होते. (आप्पांसमोर लाजत असतील, असं त्याला वाटलं.) त्याने झाकण घट्ट आवळलं आणि जाळ वाढवला.

तेवढ्यात आतून आई ओरडली, "म्हयपत! धाव रे! साबुदाना बोलतोय!"

"साबुदाणा कसा बोलेल?"

"भिजत घातला तर ताडताड उडतोय! चूल नाय, काय नाय, आनि पानी गरम झालाय!"

सत्यवती परातीत डोकावली. मग तिने फळीवरच्या डालड्याच्या डब्यांकडे पाहिलं. साबुदाण्याच्या डब्याची जागा रिकामी होती.

"अहो," ती दारात येऊन हळूच म्हणाली, "तुम्ही चुलीवर काय ठेवलंय?"

उत्तर डब्यानेच दिलं. फुगलेल्या साबुदाण्याने नळीचं तोंड बंद केलं होतं. डबा एकदा गुरगुरला आणि झाकण फाडकन उडून माडावर आपटलं. आप्पांची टोपी, मिशा, सदरा, सगळीकडे चिकट पांढरे गोळे.

महिपतने मनात हिशेब मांडला. होडी गेली, टेक्निकल लाइन गेली, आता सत्यवतीला माहेरी तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

आप्पांनी खांद्यावरचा एक गोळा बोटाने उचलला, वास घेतला, तोंडात टाकला.

"मीठ नाय," ते म्हणाले.

सत्यवतीने मीठ आणि दाण्याचं कूट आणलं. डब्यात उरलेलं सगळ्यांनी खाल्लं. आप्पांनी दोनदा घेतलं.

शेवटी महिपतने धीर केला. "आप्पा, यंत्र कसं वाटलं?"

आप्पांनी बोटं चाटली. "खोटा नाय सांगत, जावयबापू. खिचडी लय ठिकाणी खाल्ली, पन एवढी गरमागरम कुठंच नाय मिळाली."