स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावतं का?

बाळाने कुठे जन्माला यायचं हे बाळंतिणीने ठरवायचं नसतं. ते शांत डोक्याच्या, अनुभवी आणि निःपक्षपाती माणसाने ठरवायचं असतं, असं मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं.

"असा कोणी आहे का तुमच्या ओळखीत?" बायकोने विचारलं.

मी नम्रपणे स्वतःकडे बोट दाखवलं. बायकोने माझ्यापुढचा पाण्याचा जग उचलून लेकीपुढे ठेवला आणि विषय तिच्यापुरता संपला.

लेकीची ही पहिलीच खेप. जावई जहाजावर, म्हणजे पृथ्वीच्या अशा भागात की जिथून फोनवर 'काळजी घ्या' एवढंच धड ऐकू येतं. तेव्हा दवाखाना निवडण्याची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली, असं मी धरून चाललो. लेकीने मात्र तो आधीच निवडला होता. बाजारामागच्या गल्लीतलं जुनं प्रसूतिगृह. खाली चपलांचं दुकान, वर खाटा. जिना असा कुरकुरतो की बाळंतिणीआधी तोच कळा देतोय असं वाटावं!

मी तिला विचारलं, त्या डॉक्टरीणबाईंमध्ये एवढं काय आहे? ती म्हणाली, "बाबा, त्या आधी माझं ऐकून घेतात. मग तपासतात. मला भीती वाटते तेव्हा मला तेवढंच हवं असतं."

यावर मी तिला समजावलं की ऐकून घेणं ही वैद्यकीय सुविधा नव्हे. तिचं बोलणं पूर्ण झालेलं नव्हतं, हे बायकोने मला नंतर सांगितलं.

माझ्या डोळ्यांसमोर होतं ते हमरस्त्यावरचं मोठं हॉस्पिटल. काचाच काचा! आत शिरताना दार आपणहून उघडतं, जणू घरजावई आलाय. पण मी भाळणारा माणूस नव्हे. जन्मभर वर्तमानपत्रात चिमटे काढण्याचं सदर लिहिलं, सरकारी पुलापासून साहित्य संमेलनापर्यंत कशावर म्हणून विश्वास ठेवला नाही. त्या नोकरीचा एकच दुष्परिणाम झाला. आता घरात माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मी "नळाला पाणी नाही" म्हटलं तरी बायको आधी हसते आणि मग नळ उघडून बघते.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहणीला निघालो. बाळंतिणींचा विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर होता. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. ऐन कळांत बाई खाली आली, तर स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावतं का? स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली, मावतं. मी विचारलं, पाय सरळ ठेवून? ती म्हणाली, हो. मी विचारलं, तुम्ही कधी स्वतः झोपून पाहिलंय? ती फोनवर बोलू लागली. फोन वाजलेला मी तरी ऐकला नव्हता.

लिफ्टशेजारी एक रिकामं स्ट्रेचर उभं होतं. आसपास कोणी नव्हतं. मी चपला काढल्या, वर चढलो आणि आडवा झालो. उंचीत लेक माझ्यावर गेली आहे, म्हणून पाय चांगले ताणले. प्रयोगात खोट राहू नये म्हणून डोळे मिटले आणि थोडंसं कण्हलोही.

तेवढ्यात स्ट्रेचर चालू लागलं!

डोळे उघडले तर पिकल्या मिशांचा एक वॉर्डबॉय मला लिफ्टमध्ये घालत होता. "घाबरू नका आजोबा," तो म्हणाला. मी घाबरलो नव्हतो. उलट खूश होतो. स्ट्रेचर मावलं होतं, वर वितभर जागा शिल्लक होती. सेवाही तत्पर होती. नुसतं कण्हायचा अवकाश!

वर एका परिचारिकेने मला ताब्यात घेतलं आणि कपडे बदलायला सांगितले. हिरवा झगा होता, पाठीमागून नाड्यांचा. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. काय ही स्वच्छता! बाळंतिणींचा विभाग नुसता बघायला आलेल्या माणसालासुद्धा अंगावरचा धागान् धागा उतरवायला लावतात! बाजारामागे चपलासुद्धा जिन्यात काढून ठेवतात आणि त्याही दुकानातल्या म्हणून विकल्या जाण्याची भीती. मी झगा चढवला. नाड्या एकट्याने बांधता येईनात, तेव्हा एका हाताने मागची बाजू धरून पुन्हा आडवा झालो. माझे कपडे तिने कपाटात ठेवून कुलूप लावलं, फोन तेवढा माझ्या उशाशी ठेवला. तेही मला आवडलं.

मग वस्तरा घेऊन एक इसम आला.

मी त्याला म्हटलं की माझी दाढी सकाळीच झाली आहे. तो म्हणाला, दाढीचं कोण बोलतंय.

मंडळी, त्यानंतर माझ्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी आयुष्यात ऐकला नव्हता. परिचारिका धावत आली. मी उठून बसलो आणि तिला ठणकावून सांगितलं, "सिस्टर, मी पेशंट नाही. मी बाळंतपणासाठी आलोय."

ती क्षणभर माझ्या पोटाकडे बघत राहिली. मग शेजारच्या दुसऱ्या सिस्टरला म्हणाली, "हेच ते. कालचे हर्नियावाले."

हळूहळू उलगडा झाला तो असा. माझ्याच वयाचे एक गृहस्थ आदल्या दिवशी ऐन शस्त्रक्रियेच्या वेळी 'मी विजेचं मीटर बघायला आलोय' असं सांगून पसार झाले होते. आज ते परत येणार होते, आजच्या पाळीतल्या कोणी त्यांना पाहिलेलं नव्हतं, आणि काही झालं तरी त्यांना सोडायचं नाही, असा सगळ्यांना हुकूम होता. मी माझं नाव सांगितलं. ती म्हणाली, कालही तुम्ही दुसरंच सांगितलं होतं. मी लेखक असल्याचं सांगितलं. ती म्हणाली, काल मीटर, आज लेखक, उद्या काय? मी ओरडलो तर वॉर्डबॉयने माझे खांदे धरले. गप्प बसलो तर ती दुसरी सिस्टर म्हणाली, बघा, पटलं आता त्यांना!

शेवटी मी कळवळून विनवलं की माझ्या घरी फोन करा. तिने माझ्याच फोनवरून केला. फोन बायकोने उचलला.

इकडची बाजू मला ऐकू येत होती. एक गृहस्थ इथे हर्नियासाठी आहेत, पण ते म्हणतात आपण बाळंतपणासाठी आलोय. तुमचेच का? पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. परिचारिका मान हलवत राहिली, मग फोन माझ्या उशाशी ठेवून मला म्हणाली, "काकू म्हणाल्या, यांची जन्माची खोड आहे, एका शब्दावर विश्वास ठेवू नका. आणि कापायचंच असेल तर जिभेपासून सुरुवात करा."

वस्तरेवाला हसला. तो हसताना त्याचा हात हलत होता, हे मला अजिबात पसंत पडलं नाही.

पण फोनवरच्या परिचारिकेच्या मागे माझा आवाज चालला होता, तो तिकडे लेकीने ऐकला, हे मला मागाहून कळलं. आईला म्हणाली, बाबा गंमत करतात तेव्हा सावकाश बोलतात; हे घाईत बोलताहेत. एवढं बोलून ती पायांत चपला सरकवून निघाली, अवघडलेली, पोट सांभाळत. बायको पाठोपाठ. रिक्षा केली ती या हॉस्पिटलचं नाव सांगून, मला सोडवायला!

इकडे मला ढकलत आतल्या दारापर्यंत नेलं. दिवे असे की स्वर्गाचा स्वागतकक्ष वाटावा. मी छताकडे बघत राहिलो. आयुष्यभर मी लोकांचा कशाकशावरचा विश्वास उडवला, आणि आता माझ्या स्वतःच्या धडधाकट पोटाविषयी माझी साक्ष कोणी धरेना. सदर चालू असतं तर उत्तम विषय होता. पण लिहायला कोणी उरेल असं दिसत नव्हतं.

तेवढ्यात दारातून एक डोकं आत आलं.

"अहो, माझा नंबर कधी लागायचा?" ते डोकं कुरकुरलं. "सकाळपासून बाकावर बसलोय. काल पळालो म्हणून आज विचारायचंसुद्धा नाही का कोणी?"

परिचारिकेने त्याच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. वॉर्डबॉयने माझ्या खांद्यावरचे हात काढून स्वतःच्या खिशात घातले. वस्तरेवाला निमूटपणे त्या गृहस्थांकडे वळला, आणि ते गृहस्थ, खरं सांगतो, पुन्हा पळाले!

सगळे त्यांच्या मागे. कपाटाची किल्लीही त्यांच्याच मागे. मी एकटाच राहिलो, आणि उशाशी माझा फोन वाजू लागला. बायको होती. रिक्षातच कळा सुरू झाल्या होत्या. रिक्षावाला म्हणाला, मोठं हॉस्पिटल गाठतो. लेक म्हणाली, नाही, बाजारामागे वळवा. "ती आत आहे," बायको म्हणाली, "आणि मला घेत नाहीत. तुम्ही या हो."

लग्नानंतर बायकोने कोणत्याही प्रसंगी 'तुम्ही या हो' म्हटल्याचं मला आठवत नाही. मी धावलो. अनवाणी, एका हाताने झगा मागून धरून. आपणहून उघडणारं दार या वेळी उघडता उघडेना. पहिल्या दोन रिक्षावाल्यांनी माझ्याकडे बघून रिक्षा पळवल्या. तिसऱ्याने भाडं आधी विचारलं नाही, नाव-गाव विचारलं नाही, फक्त म्हणाला, "काका, पकडायला येणार असतील तर खाली वाका."

तो कुरकुरता जिना मी कसा चढलो मला ठाऊक नाही. वर बायको बाकावर बसली होती. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि आपली ओढणी माझ्या खांद्यावर टाकली. आतून लेकीचा आवाज येत होता. मधूनमधून डॉक्टरीणबाईंचा: "हं. सांग. मी ऐकतेय." मग पुन्हा लेकीचा. मी तिथे बसून ते ऐकत राहिलो. आमच्या घरात तिला एवढं सलग बोलू दिल्याचं मला काही आठवेना.

आणि मग तिसराच आवाज आला, बारीक, रागावलेला, कोणाचंही न ऐकणारा.

नात झाली होती.

आम्हाला आत घेतलं तेव्हा लेक घामाने चिंब, पण शांत होती. डॉक्टरीणबाई हात पुसत होत्या. त्यांनी माझ्या वेषाकडे एकदा पाहिलं आणि सभ्यपणे खिडकीबाहेर बघू लागल्या. अशा प्रसंगी चार शब्द बोलणं भागच होतं. मी घसा साफ केला आणि सुरुवात केली की शहरातल्या सर्वांत मोठ्या हॉस्पिटलची मी आज आतून, अगदी शेवटच्या दारापर्यंत, जातीने पाहणी केली आहे, आणि पूर्ण विचारांती माझा निर्णय असा आहे की तुझं बाळंतपण...

"बाबा," लेक हळूच म्हणाली.

मी थांबलो. या वेळी तिचं पूर्ण ऐकून घ्यायचं, असा निश्चय केला. तिने दाराकडे पाहिलं. तिथे शेजारच्या खोलीतल्या बाळंतिणी, त्यांच्या आया, सासवा, सगळ्या जमल्या होत्या.

"बाळ नंतर निवांत बघा. पण आत्ता बाहेर जाताना," ती म्हणाली, "तेवढं पाठ न फिरवता जाल का?"