ओला भाव, कोरडा भाव

तमाम उस्मानपुरावासीयांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये शेअर बाजार भरतो. रोज सकाळी आठ ते नऊ. खरा बाजार सव्वानऊला उघडतो, तो आमचं आटोपायची वाट पाहून.

या बाजाराचे सर्वेसर्वा तळमजल्यावरचे जब्बारचाचा. सिल्लोडला त्यांनी चाळीस वर्षं कापसाचा व्यापार केला. कापूस चिमटीत ओढायचे, धागा बघायचे आणि भाव सांगायचे. आता हाती येईल तो शब्द ते तसाच ओढून बघतात. विद्यार्थी दोन: मी आणि मुकुंदवाडीहून मोटरसायकलवर येणारे शिंदेमामा. बाजारात पाऊल टाकण्याआधी तिथली भाषा शिकावी, एवढीच आमची इच्छा.

चाचांची शिकवणी ऐकण्यासारखी. "लिक्विडिटी म्हणजे काय, मियाँ? विकायला काढलं की घेणारा लगेच मिळतो का, ते. सोन्याला मिळतो. माझी स्कूटर सहा महिने झाले उभी आहे, कुत्रं विचारत नाय." भाव पडायला लागला तर कुठल्या आकड्याला विकून मोकळं व्हायचं, हे आधीच ठरवणं म्हणजे स्टॉप लॉस. नातेवाइकांकडं गेलं की तिसऱ्या टोमण्याला उठायचं, हा चाचांचा घरगुती स्टॉप लॉस. कंपनीनं नफ्यातला वाटा आपल्याला दिला, तर तो लाभांश. "दिला तर हां. म्हैस पाळली म्हणजे रोज दूध मिळंलच, असं नाय." आणि दर वेळी शेवटी, "बाकीचं उद्या."

तीन महिने झाले तरी शब्द संपेनात. मग एक दिवस ‘ओला भाव’ आला. कापसावर पाणी मारलं की वजन वाढतं, तसा नुसत्या अफवेवर फुगलेला भाव ओला. चार दिवसांत वाळतो. मी वहीत दोनदा अधोरेखित केलं.

ही वही काखेत मारून मी खातं उघडायला दलालाच्या कचेरीत गेलो. पडद्यावरच्या एका आकड्याकडं बोट दाखवून काउंटरवरच्या मुलीला ऐटीत विचारलं, हा भाव ओला की कोरडा? तिनं खिडकीतून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "सर, बाहेर तर ऊन आहे."

असा शब्द बाजारात नव्हताच. वहीतला ‘उपाशी शेअर’ही नव्हता. ‘मामेभाऊ निर्देशांक’ तर नव्हताच नव्हता.

दुसऱ्या सकाळी मी वही आपटायच्या तयारीनं खाली उतरलो. चाचा नेहमीप्रमाणे तीन खुर्च्या पुसत होते. शिंदेमामांसमोरच मी जाब विचारला. चाचांनी आधी थोडी वकिली केली, सिल्लोडचा बाजार वेगळा वगैरे. मग हातातल्या फडक्याची घडी घातली.

"खरे शब्द दीड महिन्यातच संपले होते, कुलकर्णीसाब. चाची गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाय. शिकून झालं की तुम्ही येणार नाय, म्हणून मग मी बनवत गेलो." त्यांनी एक खुर्ची मिटायला घेतली. "अब खाता खुल गया. झालं तुमचं शिक्षण."

 मी वहीचा कोपरा दुमडत उभा राहिलो. तेवढ्यात शिंदेमामांनी चाचांच्या हातातली खुर्ची ओढून घेतली, उघडली, तिच्यावर बसकण मारली आणि एकदम बोलून गेले, "झालं कसं? मला तर अजून शेअर म्हणजे काय त्येच कळलं नाय."