मजीदभाऊंचं लाल पुस्तक

मजीदभाऊ शिंप्यांना एखादं पुस्तक आवडलं की ते त्याची गावभर बदनामी करत.

आरमोरीच्या चौकात वाचनालयाची एक खोली होती. दोन कपाटं आणि एक लांब बाक, एवढाच तिचा संसार. तिच्या अगदी समोर मजीदभाऊंचं दुकान. शिवणयंत्र त्यांनी असं मांडलं होतं, की पाय चालवता चालवता वाचनालयाचं दार नजरेत राहावं. कोणी पुस्तक घेऊन बाहेर पडलं की यंत्र थांबायचं.

"काय नेऊन राह्यले, गुरुजी? दाखवा बरं."

मी दाखवायचो. ते दोन पानं उलटून नाक मुरडायचे.

"हे? फालतू आहे. सारा टाइम खोटी. त्यापेक्षा ते निळं न्या, जाडं. दिल खूश होते."

मी नुकताच वर्ध्याहून नॉर्मल, म्हणजे शिक्षकाची परीक्षा, पास होऊन इथल्या शाळेत लागलो होतो. त्या काळी हा जिल्हा चांदा म्हणूनच ओळखला जायचा, आणि आरमोरीत आपल्याइतकं वाचलेला माणूस सापडायचा नाही, असं मी मनाशी ठरवूनच बसमधून उतरलो होतो. पण नव्या गावात कोणी आपुलकीनं सांगितलं, तर ऐकावं. मी निळं जाडं नेलं. ते एका निवृत्त अधिकाऱ्याचं आत्मचरित्र निघालं. पहिल्या शंभर पानांत तो जन्मलासुद्धा नव्हता.

"कसं वाटलं?" मजीदभाऊंनी विचारलं.

'कंटाळलो' म्हणावं, तर आपल्याला समजलं नाही असं त्यांना वाटायचं. मी म्हणालो, "उत्तम."

"मंग आता ते प्रवासाचं न्या."

ते प्रवासाचंही मी नेलं. त्यात लेखक बराच वेळ सामानच बांधत होता. असा अख्खा पावसाळा मी मजीदभाऊंच्या शिफारशीवर काढला आणि दर वेळी 'उत्तम' म्हणत राहिलो.

शेवटी वाचनालय सांभाळणाऱ्या पांडुरंगभाऊंना माझी दया आली. "गुरुजी," ते हळूच म्हणाले, "तुमी उलटं करून राह्यले. मजीदभाऊ ज्याले फालतू म्हणते, ते पहिले न्या. लोकायनं नेऊ नये म्हणून म्हणते ते तसं. कपाटात राह्यलं म्हणजे त्याईले पाह्यजे तवा भेटते."

त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढलं. मूळचं कव्हर आणि नावाचं पान कधीच गेलेलं. कोणीतरी पानं नव्यानं शिवून त्यावर लाल अस्तराचं कापड चढवलं होतं. टाके इतके बारीक, की लग्नाच्या शेरवानीलाही शोभावेत. आतल्या, पुस्तक नेणाऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठीवर वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं, मजीद.

"हे तर कोणाले हातच लावू देत नाई," पांडुरंगभाऊ म्हणाले.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. याला मत्सर म्हणतात हे आज कबूल करतो. तेव्हा मी त्याला कुतूहल म्हणत होतो. चौथी शिकलेला माणूस कपाटातली साय खात होता, आणि मी नॉर्मल पास असून सामान बांधणाऱ्या लेखकाच्या मागे फिरत होतो! शिवाय एका शुक्रवारी दुपारी नमाजानंतर त्यांचं दुकान बंद असताना मी फटीतून पाहिलं. मजीदभाऊ जमिनीवर मांडी घालून ते लाल पुस्तक वाचत होते. ओठ हलत होते. एका जागी थांबले, पानाकडे पाहून हसले आणि मग डोळे पुसले. एकाही पुस्तकानं मला कधी असं हसवलं नव्हतं. मला रागच आला.

पुढच्या आठवड्यात ते दोरा-बटणं आणायला वडशाला गेले. तेवढ्यात मी लाल पुस्तक घरी नेलं.

ते परत आले आणि कपाटातली रिकामी जागा त्यांना दिसली. पांडुरंगभाऊंनी माझं नाव सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेप घेऊन माझ्या दारात उभे.

"गुरुजी, तुमच्या पायजम्याचं माप राह्यलं होतं."

मी पायजमा शिवायला टाकलाच नव्हता. तरी त्यांनी माप घेतलं. घेताना नजर माझ्या टेबलावर.

"त्याच्याजवळ चहा नका ठेवत जाऊ."

"बरं."

"अन् पान दुमडू नका."

संध्याकाळी ते पुन्हा आले. कंबर मोजायची राहिली म्हणाले. त्याच दिवसांत हेडमास्तरांच्या सदऱ्याला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. मला त्याचा फार आनंद झाला.

मी पुस्तक चार दिवसांत संपवलं. एका नावाड्याची बायको, काशी. नवरा दुसरी बाई घरात आणतो. काशी भाकऱ्या थापत राहते. तिच्या हातची भाकरी ती दुसरी खाते, काशी पाहत राहते. आणि एके सकाळी ती स्वतःच वल्हं उचलते, नाव नदीत घालते आणि पलीकडे निघून जाते. पुस्तक चांगलं होतं. शेवटचं पान मी दोनदा वाचलं. त्यामुळे तर मत्सर आणखीच वाढला, कारण हे पुस्तक आधी त्यांना सापडलं होतं.

मग मी एक वाक्य तयार केलं. गिऱ्हाइकांसमोर म्हणायचं, 'मजीदभाऊ, वाचलं हो. त्यात तुमचं अस्तर तेवढं चांगलं आहे.' वाक्य मला इतकं आवडलं, की वाटेत मी ते दोनदा पुटपुटलो.

रविवार होता. दुकानात दोन शेतकरी बंडी शिवून व्हायची वाट पाहत बसले होते. मी पुस्तक फळीवर ठेवलं. मजीदभाऊंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. पुस्तकावरून हात फिरवला, टाके तपासले आणि शेतकऱ्यांना म्हणाले, "भाऊ, उद्या या. मशीन बिघडली."

मशीन त्यांच्या देखत चालू होती. दोघे चकित होऊन उठले आणि गेले.

"वाचलं?"

"वाचलं."

"पुरं?"

"पुरं."

ते बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिले. दोरा आधीच ओवलेला होता.

"एकाले देल्लं होतं, गुरुजी," ते खाली पाहूनच म्हणाले. "दोस्त होता माझा. मीच म्हटलं, वाच, लई चांगलं आहे. त्यानं वाचलं अन् इथी चौकात उभं राहून काशीची नक्कल केली. डोक्यावर दुपट्टा घेऊन, आवाज बारीक करून. सारे हसले."

त्यांनी सुई उशीत टोचली.

"मी बी हसलो."

माझं वाक्य जिभेच्या टोकावर तयार होतं. मी ते गिळलं. जाताना ते घशाला चांगलंच खरचटलं.

"तवापासून मले आवडलेलं कोणतंच पुस्तक मी चांगलं म्हणत नाई," ते म्हणाले. मग पहिल्यांदाच त्यांनी वर पाहिलं. "पण गुरुजी, एक विचारू? घरी कोणी वाचत नाई. कोणाले विचारू? तिनं जायले पाह्यजे होतं का?"

मी विचार केला. "जायला नको होतं. घर तिचंही होतं."

"काऊन?" ते एकदम ताठ बसले. डोळे चमकले. "काऊन नको होतं? तुमी नीट नाई वाचलं, गुरुजी! थांबा, दाखवतो."

फळीवर मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, कोटाचं नवंकोरं कापड पसरलेलं होतं. मजीदभाऊंनी खडू उचलला आणि त्यावर सरळ नदी काढली. "हा घाट. इथी ती उभी होती. घर मागं, इथी. आता सांगा, मागं वळून पाह्यलं असतं तर तिले काय दिसलं असतं?"

मी त्यांच्या हातातला खडू घेतला आणि कापडाच्या दुसऱ्या टोकाला पैलतीर काढला.